जुना मार

झिरो फाट्याच्या अलीकडं, संध्याकाळी पावणेसातला
उसाची ट्रॉली उभी होती.
मागं ना लाल दिवा, ना साधं फडकं.
ब्रेक मी दाबला. एवढं मला सांगता येतं.
बाकीचं बॉनेटनं सांगितलं,
आणि डाव्या दारानं, जे उघडत होतं पण मिटत नव्हतं.

शोरूमचा पोरगा टॅबवर बोट फिरवत म्हणाला,
दार बदलू, बंपर बदलू, नवी कोरी होईल मॅडम.
नवी कोरी तर ती मी घेतली तेव्हाही नव्हती.
मानवतच्या बियाणेवाल्या कत्रुवारांची गाडी.
एकहाती वापर, एक ओरखडा नाही, म्हणाले होते,
आणि वर पेढा दिला होता.

ताहेर मिस्त्रींचं दुकान जिंतूर रोडला, वखारीमागं.
पाटी नाही. लिंबाला टांगलेला सायलेन्सर, तीच पाटी.
आधी तळहात फिरवला त्यांनी पत्र्यावरून, डोळे मिटून,
गाभण म्हशीच्या कुशीवरून गुरांचा डॉक्टर फिरवतो तसा.
मग खिशातून लोहचुंबक काढलं,
जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं, कडेला फुटलेलं.
दारावर लावलं: टक्.
बॉनेटवर: टक्.
मागच्या चाकावर, जिथं मला काही लागलंच नव्हतं,
लावलं, तर घसरून त्यांच्या चपलेपाशी पडलं.

"हितं पत्रा न्हाई ताई. पुट्टी हाय. बोटभर."

पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासत गेले.
माझा पांढरा, त्याखाली पिवळट पांढरा,
त्याखाली राखाडी, आणि मग पुट्टी,
शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटत.
मी कृषी विद्यापीठात माती तपासते.
थर वाचायचा पगार घेते.
चार वर्षं या गाडीत बसून जात होते कामावर.

"जुना मार हाय ह्यो. तुमच्या आधीचा.
गाडी डावीकडं वढत होती का?"
ओढत होती.
मला वाटायचं, रस्त्याला उतार आहे.
गंगाखेड रस्त्याला, वसमत रस्त्याला, पाथरी रस्त्याला,
सगळ्याच रस्त्यांना डावीकडं उतार.

सर्व्हेअर गोजमगुंडे फोटो काढून गेले,
जुनं क्लेममध्ये बसत नाही म्हणाले.
मग माझं तेवढंच काढा, मी मिस्त्रींना म्हणाले.
"तसं निघत नसतंय.
मागचा सरळ केल्याबिगर पुढचा सरळ व्हत न्हाई.
पत्रा येकच हाय."

अकरा दिवस ऑफिस सुटलं की रिक्षानं जायचे.
जमिनीत पुरलेल्या रुळाच्या तुकड्याला साखळी,
दुसरं टोक गाडीच्या हाडाला,
नातू मौला चेनपुली ओढायचा, एकेक दात,
आणि मिस्त्री कान लावून. बस. अजून. बस.

एकदा विचारलं, आधीचा मार कशाचा असेल?
त्यांनी पत्र्याच्या घडीतून नखानं उकरून काढली
निळ्या रंगाची टिकली.
"ट्रॅक्टर असंल," म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाईतर लूना."
मौलानं चहा आणला होता, तो आम्ही प्यालो.

त्या रात्री कत्रुवारांना फोन लावला.
गाडी चांगली चालते ना? त्यांनीच आधी विचारलं.
मी हो म्हणाले.

टिकली मातीच्या नमुन्याच्या पाकिटात ठेवली आहे.
पाकिटावर रकाने छापलेले असतात.
गाव कोरं. तारीख कोरी.
खोलीपुढं लिहिलं: बोटभर.

बिल सतरा हजार चारशे.
त्यात एक ओळ वेगळी, निळ्या शाईनं: जुना मार, सहा हजार.

परत येताना रस्ता मोकळा बघून
स्टिअरिंगवरून हात दोन बोटं वर उचलले.
गाडी सरळ गेली.
खाली ठेवले, तर हात उजवीकडं वळवू लागले,
सवयीनं.